ढबू ठळक

त्या दिवशी ती निघाली होती फक्त शाई आणायला. छपाईच्या काळ्या शाईचा एक छोटा डबा, थोडे जाड कागद आणि जमलंच तर जरा मोकळी हवा, एवढंच काम. पण वर्षभराचं मूल कडेवर असलेल्या बाईचं कुठलंच काम 'एवढंच' राहत नाही. पिशवीत वर दुपटं, दुपट्याखाली बाटली, बाटलीखाली पाकीट; आणि पाकीट काढायचं तर आधी मूल कुणाच्या तरी हातात द्यायचं. रंगवाल्या दुकानदाराने पोरीला सरळ उचलून काउंटरवर बसवलं.

"केवढी ठसठशीत आहे हो," तो म्हणाला. "लांबून येताना आधी ही दिसली, मग तुम्ही. नाव काय?"

"ढबू. खरं नाव दुसरं आहे, पण ते आता कुणाला आठवत नाही."

ठसठशीत. घरी येईपर्यंत तो शब्द तिच्या डोक्यात घोळत राहिला, कारण तिला नेमकं तसलंच एक अक्षर जमवायचं होतं.

तिचं कामच ते. पाकिटांवर, पाट्यांवर, जाहिरातींत जी अक्षरं दिसतात त्यांची वळणं काढायची. लग्नाआधी कचेरीत बसून काढायची, आता घरात, जेवणाच्या टेबलाच्या अर्ध्या भागावर. उरलेल्या अर्ध्यावर खिमटीचे डाग. नवऱ्याच्या मित्रांना ती काय करते ते सांगायची वेळ आली की नवरा म्हणायचा, "अक्षरं काढते," आणि मित्र म्हणायचे, "वा, छान, हस्ताक्षर चांगलं असणं फार महत्त्वाचं." तिने समजावून सांगणं केव्हाच सोडून दिलं होतं. एक अक्षर काढायला आठवडा लागतो हे ज्याला सांगावं तो आधी तिच्याकडे आणि मग पाळण्याकडे बघायचा. कधीकधी तिला स्वतःलाच वाटायचं, की खरं काम पाळण्यातलंच असावं, आणि तेही तिला धड जमत नाहीये.

गिऱ्हाईक होतं लहान मुलांच्या साबणाचं. नवा साबण, पण जुन्यासारखा दिसायला हवा होता. त्यांच्याकडून बोलणारा माणूस फोनवर अतिशय गोड होता आणि म्हणून जास्तच वैताग आणायचा.

"मॅडम, अक्षर कसं हवं, तर एकदम ठळक, गुबगुबीत. एकही कोपरा टोचता कामा नये. पण कोरं करकरीत नको. आजोबांच्या काळात छापल्यासारखं. शाई कुठेकुठे उडालीय, वापरून वापरून झिजलंय, असं."

ठळक आणि गुबगुबीत तर तिने बघता बघता काढलं. समोर नमुनाच लोळत होता. 'ठ'ची गोलाई तिने ढबूच्या गालावरून घेतली, 'ळ'च्या दोन्ही वाट्या तिच्या दंडावरच्या वळ्यांवरून. मात्रा म्हणजे झोपेत वर फेकलेला हात. काम झाल्यावर अक्षरसंचाला नाव द्यावं लागतं, तेव्हा तिने फार विचार केला नाही. 'ढबू ठळक' असं लिहिलं आणि स्वतःशीच हसली.

अडलं ते झिजेपाशी.

कॉम्प्युटरमध्ये झिजेचे तयार ठिपके मिळतात. ते तिने टाकून पाठवले. "मेलेलं वाटतंय," माणूस म्हणाला. मग तिने रीतसर हाताने ठसे घ्यायचं ठरवलं. लिनोच्या, म्हणजे रबरासारख्या मऊ पत्र्याच्या, तुकड्यात अक्षर कोरायचं, रोलरने शाई लावायची, मग शाईवर एखादी खरखरीत वस्तू टेकवून थोडी शाई उचलून घ्यायची आणि ठसा कागदावर दाबायचा. जिथली शाई उचलली गेली तिथे कागद पांढरा राहतो. वाळला की स्कॅन करायचा. स्पंजने करून पाहिलं, सँडपेपरने पाहिलं, नव्या टॉवेलने पाहिलं.

"मेहनत दिसतेय हं," माणूस म्हणाला. "पण अजून मेलेलंच वाटतंय."

"मेलेलं म्हणजे नक्की कसं?"

"म्हणजे... यात कुणी राहिलेलं नाहीये, असं."

फोन ठेवल्यावर तिने त्याला जे काही म्हटलं ते ढबूने शिकू नये म्हणून तिला पाठोपाठ एक गाणं म्हणावं लागलं.

त्याच दुपारी ते घडलं. पाळणा हलवत, दुसऱ्या हाताने ठशावर शाई फिरवत ती बसली होती. अंगात तोच गळ्याला भोकाभोकांची लेस असलेला मऊ गाऊन. बाळंतपणात माहेरी अंगात चढवला होता आणि परत येताना तसाच पिशवीतून आला होता. खोलीत शाईचा तेलकट वास आणि त्याखाली दुधाचा आंबूस वास. ढबूचा नुकता डोळा लागला होता. टॉवेल स्वयंपाकघरात राहिला होता. उठावं तर खुर्ची करकरणार, खुर्ची करकरली तर पोर उठणार, पोर उठली की दुपार गेली. हाताशी होतं ढबूचं पहिलं झबलं. लहान होऊन कित्येक महिने झाले होते, पण ते तिला टाकवत नव्हतं. काखेत फाटलेलं तिने रफू केलं होतं. ती रफूही वाकडी, छोट्या शिडीसारखी.

तिने झबल्याचा बोळा केला आणि शाईवर टेकवला. ठसा दाबून कागद उचलला, आणि तिचे हातच थांबले.

अक्षर जिवंत होतं. सुताच्या बारीक विणीचे पांढरे कण, धुऊन धुऊन विरलेल्या जागी मोठी सुटलेली बेटं, आणि एका कडेला रफूची इवलीशी शिडी. वाटत होतं, कुणीतरी हे अक्षर वर्षानुवर्षं कुशीत घेऊन झोपलंय.

"हे," माणूस म्हणाला. "हे, मॅडम. याच्यात जीव आहे." मग जरा थांबून, "फक्त थोडंसं अजून झिजू द्या."

तिने तेच झबलं परत टेकवलं. पाठवलं. "जवळ आलंय. थोडंसं अजून." पुन्हा टेकवलं. त्या आठवड्यात तिने त्याचं नावच 'थोडंसं-अजून' ठेवलं. नवरा संध्याकाळी घरी आला की विचारायचा, "काय म्हणतात थोडंसं-अजून?" आणि ती म्हणायची, "थोडंसं अजून."

सावली तिने पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिला ती आवडली होती, हे तिला नंतर आठवायचं.

दुपारचं ऊन फरशीवर पडलं होतं. ढबू उन्हात बसून वाटीत वाटी घालत होती. तिच्या सावलीत बारीक बारीक उजेडाचे ठिपके होते, पिठाच्या चाळणीतून यावेत तसे. पडद्याची जाळी असणार. तिने बघितलं, छान वाटलं, आणि ती पुन्हा कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी ठिपके मोठे होते. तिने उठून पडदा सारला.

ठिपके तिथेच राहिले. वाट्यांच्या सावल्या काळ्याभोर, अखंड. तिची स्वतःची सावलीही अखंड. फक्त मधल्या त्या लहानशा सावलीत उजेड शिरत होता.

"अगं, खिडकीच्या काचेवर धूळ असेल," नवरा म्हणाला.

"मग वाट्यांवर का नाही?"

"तू दुपारी जरा पडत जा बरं."

तिने डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी वजन केलं, छाती तपासली, डोळ्यांत बॅटरी मारली. सावलीचं सांगताना तिचे शब्द अडखळले, म्हणून तिने 'जरा फिकी वाटते' एवढंच सांगितलं.

"मूल उत्तम आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही झोपता का?"

सगळं जग तिला झोपायला सांगत होतं आणि झोपू मात्र कुणी देत नव्हतं. घरी येताना शाई संपल्याचं आठवलं म्हणून ती रंगवाल्याकडे वळली. ढबू कडेवर होती, तिच्या गळ्याशी खेळत होती. दुकानदाराने डबा काढला, पिशवीत घातला आणि सहज म्हणाला,

"आज पोरीला घरी ठेवलंत वाटतं?"

तिला वाटलं, थट्टा करतोय. ती हसलीसुद्धा. तो मात्र उत्तराची वाट बघत सरळ तिच्याकडे पाहत होता. मग ढबूने हात पुढे करून काउंटरवरचा ब्रश ओढला, तेव्हा तो दचकून मागे सरकला.

"अरे... आहे की ही. माझं लक्षच नाही गेलं बघा."

त्या संध्याकाळी नवरा सोफ्यावर बसायला गेला तेव्हा तिने किंचाळून त्याला थांबवलं. ढबू तिथेच बसली होती, निळ्या चादरीवर लाल झबल्यात, त्याच्याकडे बघत हात वर करून. तो कितीतरी वेळ पोरीला छातीशी धरून उभा राहिला. "माझं लक्षच नव्हतं," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "दिवसभराचा थकवा, दुसरं काय." मग तो बोलायचा थांबला, कारण तिच्या तोंडाकडे पाहून त्यालाही त्या शब्दांवर विश्वास वाटेनासा झाला होता.

सकाळचं पहिलं ऊन आल्याबरोबर तिने ढबूला भिंतीशी उभं केलं. सावली आता सावली कसली, विरलेल्या कापडासारखी झाली होती. मधे मोठी पांढरी बेटं. आणि दंडाच्या कडेला, भिंतीवर, उजेडाची एक छोटीशी वाकडी शिडी.

रात्र रात्र ज्या खुणांशी झटापट केली त्या आपण विसरत नाही. ती शिडी तिने स्वतःच्या हाताने शिवली होती. ते बेट 'ठ'च्या पोटातलं. ते दोन कण 'ळ'च्या वाटीतले. भिंतीवर तिचंच काम उभं होतं, तोल सांभाळत, आणि म्हणत होतं, "आ... ई." मधेच आवाज तुटायचा, जसा शाई न लागलेल्या जागी कागद सुटतो.

नेमका त्याच वेळी फोन वाजला.

"मॅडम, अभिनंदन. शेवटचा नमुना सगळ्यांना पसंत पडला. छापखान्यात गेलंसुद्धा. उद्यापासून छपाई, लाखांनी पाकिटं."

"थांबवा," ती म्हणाली. "त्यात चूक राहिलीय."

"कसली चूक? इतकं सुंदर झिजलंय."

"फार झिजलंय."

"तेच तर हवंय," तो प्रेमाने म्हणाला. "आता हात लावू नका."

तिने हात लावला. सकाळपासून ढबूला मांडीवर घट्ट धरून, एका हाताने, तिने प्रत्येक अक्षरातलं प्रत्येक बेट भरून काढलं. एकेक भोक बुजलं तशी फरशीवरची सावली दाट होत गेली. दुपारपर्यंत ढबूचा आवाज सबंध यायला लागला. तिने छापखान्याला ती भरलेली अक्षरं पाठवली, 'किरकोळ दुरुस्ती' म्हणून. तासाभरात थोडंसं-अजूनचा फोन.

"मॅडम, हे काय पाठवलंत? छापखान्यातून मला विचारलं. हे तर एकदम कोरं. मी त्यांना सांगितलंय, जुनंच चालवा."

तो बोलत असतानाच तिच्या मांडीवरच्या लहान सावलीत पुन्हा उजेडाचा एकेक ठिपका उमटू लागला.

तिने खूप आरडाओरडा केला, फोन ठेवल्यावर. टेबलावर हात आपटला. खिमटीची वाटी पडली. मग वाटी उचलताना तिच्या लक्षात आलं, की रागावायला आता वेळच नाहीये. कोरं त्यांना चालणार नाही. मेलेलंही चालणार नाही. स्पंज आणि टॉवेल त्याने एका नजरेत ओळखले होते. झीज हवी, आणि तीही कुणाच्या तरी अंगाची. ढबूची नको, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर तिच्या अंगावरच होतं.

तिने कपाटातून कुर्ता काढून चढवला आणि गाऊनच्या गळ्याकडचा भाग कात्रीने कापला. वर्षभर दिवसरात्र तोच घातलेला. तिच्या अंगात उरली नसेल इतकी ती त्याच्यातच असेल. बोळा केला, शाईवर टेकवला. भराभर सगळी अक्षरं, एकापाठोपाठ एक. कागदांवर झीज उतरली, तितकीच मऊ, तितकीच जिवंत. फक्त शिडीच्या जागी आता लेसच्या भोकांची ओळ होती, बारीक गोल कड्यांची माळ. अक्षरसंचाचं नाव तिने बदललं. 'ठळक' एवढंच ठेवलं. मागे कुणाचं नाव नको.

"जुन्या फाइलमध्ये तांत्रिक दोष होता," तिने थोडंसं-अजूनला सांगितलं. "झीज तशीच आहे. बघून घ्या."

तो बराच वेळ बघत होता.

"हे तर त्याहून छान आहे," तो शेवटी म्हणाला. "याच्यात जास्त वर्षं आहेत."

छपाई झाली. ढबूची सावली भिंतीवर काळीभोर, घट्ट, डबल गालांसकट परत आली. रंगवाल्याने तिला लांबून पाहून हाक मारली. नवरा तिला उचलून घराभर फिरला आणि म्हणाला, "हिचं वजन वाढलंय का गं?" तिने स्कॅन केलेले जुने कागद फाडून टाकले, झबलं धुऊन घडी करून आत ठेवलं, आणि रोज सकाळी उन्हात उभी राहून स्वतःच्या सावलीत ठिपके उमटायची वाट बघू लागली.

सावली अखंड होती. दुसऱ्या दिवशीही. आठवडा गेला तरी. साबण दुकानांत आला, पाकिटं रस्त्यावर उडायला लागली, आणि तिची सावली तशीच राहिली, एका ठिपक्याशिवाय. तिला हळूहळू लाज वाटायला लागली. म्हणजे झोपच. सगळ्यांचंच बरोबर होतं. शिकलीसवरलेली बाई, काचेवरच्या धुळीला घाबरून स्वतःचा एकुलता एक बरा गाऊन कापून बसली. आईला सांगितलं तर ती वर्षभर हसत राहील.

म्हणून तिने आईला व्हिडिओ कॉल लावला. ढबू मांडीवर.

आई तिच्या घराच्या गच्चीत खुर्ची टाकून उन्हाला बसली होती, पाठीमागे पांढरी भिंत.

"काय गं, वाळलीस. झोपतेस का?"

"झोपते गं. तू सांग."

"माझं काय. शेजारीण मघाशी वर आली, मी समोर बसलेय, आणि ही बया चारही बाजूंना बघून मला हाका मारतेय. शेवटी मी खोकले तेव्हा दचकली. म्हणे, लक्षच नव्हतं. वय झालं तिचं." आई हसली. हसू मधेच तुटलं आणि पुढे सुरू झालं. "आवाज तुटतोय का गं? तुझे बाबा पण म्हणत होते, नीट बोल म्हणून."

"नेटवर्क असेल," ती म्हणाली.

"असेल. बरं, माझा तो गळ्याला लेस असलेला गाऊन तुझ्याकडेच राहिलाय ना? ढबूच्या वेळी तुला घालायला दिलेला. तू लहान होतीस तेव्हापासून वापरलाय तो मी, दुसरं काही अंगाला लागतच नाही बघ. येशील तेव्हा आण."

"आई, जरा... जरा बाजूला सरक ना. खुर्ची डावीकडे घे."

"का गं?"

"घे ना."

आई सरकली. भिंतीवर तिची सावली पडली. गळ्याशी, जिथे उजेड पडायचं काही कारण नव्हतं, तिथे बारीक गोल कड्यांची एक माळ चमकत होती.

फोनच्या वरच्या कडेवर संदेश उतरला. 'मॅडम, अक्षर फार गाजतंय. आता मोठ्या फलकांवर घेतोय, शहरभर. फक्त थोडंसं अजून...'

तिने अंगठ्याने तो बाजूला सारला. तेवढ्यात ढबूने फोन दोन्ही हातांनी धरला, पडद्याकडे निरखून पाहिलं, मग फोन उलटा करून त्याच्या मागे बघितलं. पुन्हा सरळ केला, पुन्हा उलटा.

"आजी?" तिने विचारलं.

"अगं, ही काय आजी," ती म्हणाली आणि फोन तिच्या हातून सोडवून घेतला. पडद्यावर गच्ची होती, भिंत होती, उन्हात खुर्ची होती. त्या खुर्चीत आई शोधायला तिला एक क्षण लागला.

"काय बघताय गं दोघी," आई म्हणत होती. "इथेच तर... बसलेय मी."